परतलेल्या सैनिकाचे पदक

काही वर्षांपूर्वी प्रजासत्ताक दिनी आपल्या विद्यालयाच्या प्रांगणात जे घडले, ते या स्मरणिकेत येऊ नये असे संपादक मंडळातील काही सहकाऱ्यांचे मत होते. गौरवग्रंथात गौरवाच्याच गोष्टी असाव्यात, ही त्यांची भूमिका आम्हांला समजते. परंतु ज्या प्रसंगावरून माजी विद्यार्थी आजही एकत्र आले की वाद घालतात, तो वगळून शाळेच्या आठवणी लिहिणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटले नाही. शिवाय त्या दिवशी आम्ही जसे वागलो, त्याची कबुली द्यायची अजून राहून गेली आहे.

त्या सकाळी नेहमीप्रमाणे त्रिशरण-पंचशील झाले. ध्वजारोहणासाठी एका माजी सैनिकाला बोलावले होते. आपल्याच वसतिगृहात शिकलेल्या दोन मुलांचे ते वडील. पायदळातून नाईकच्या हुद्द्यावर निवृत्त होऊन ते नालासोपारा पूर्वेच्या एका चाळीत राहत होते आणि वालीवच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला सुरक्षारक्षकाचे काम करीत होते. पाळी संपवून, रक्षकाचा गणवेश उतरवून, कोटावर पदके लावून ते तसेच शाळेत आले. त्यांनी दोरी ओढली, फुले पडली, ध्वज फडकला. त्यांची सलामी पाहून पाचवीतली मुलेसुद्धा न सांगता ताठ उभी राहिली.

मग सूत्रसंचालकांनी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली. ते खरोखरच थोडे बोलले. बर्फातल्या नोकरीत आपला डावा कान गेला, अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला, हे अपंगत्व सेवेमुळे आलेले नाही आणि सेवेमुळे वाढलेलेही नाही असे एका ओळीचे उत्तर आले, आणि त्यालाही आता सात वर्षे झाली, एवढेच त्यांनी सांगितले. नंतर छातीवरचे सियाचीन ग्लेशियर पदक काढून त्यांनी टेबलावर ठेवले. “मुख्याध्यापक सर, कागद येईपर्यंत हे शाळेजवळ राहू द्या. घरी असलं की पोरं विचारतात, हे कशाचं म्हणून.”

सभा स्तब्ध झाली. सूत्रसंचालकांनी घाईघाईने पुढचा कार्यक्रम जाहीर केला. देशभक्तिपर गीतावर सहावीच्या मुलींचे नृत्य होते आणि ते छान झाले. नंतर कार्यालयात चहा घेताना मात्र एकेकाचा सूर लागला. राष्ट्रीय सणाच्या दिवशी घरचे गाऱ्हाणे कशाला? मुलांवर काय संस्कार होणार? फडकत्या ध्वजासमोर पदक उतरवणे म्हणजे ध्वजाचाच अपमान नव्हे का? आम्ही त्या कुजबुजीत नव्हतो असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. आम्ही होतो. आमच्यापैकी एकाने तर पुढच्या वर्षी पाहुणे नीट पारखून बोलवावेत अशी सूचनाही केली होती.

त्या चहाच्या पेल्यापासून आजपर्यंत आम्ही या प्रश्नावर बराच विचार केला. आमचे मत पार उलटले आहे, आणि ते का उलटले हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी अपमानाचा मुद्दा. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा १९७१ चा आहे. ध्वज जाळणे, फाडणे, पायदळी तुडवणे, राष्ट्रगीताच्या गायनात मुद्दाम व्यत्यय आणणे अशा गोष्टींना तो शिक्षा सांगतो. स्वतःच्या छातीवरचे पदक स्वतः काढणे यात कुठेही बसत नाही. याहून मोलाचा दाखला एका शाळेतलाच आहे. १९८५ साली केरळमधील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढण्यात आले. १९८६ साली बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. आदराने उभे राहणारे मूल केवळ गात नाही म्हणून अपमान करते असे होत नाही, हे त्या निकालाचे सार. सहिष्णुता ही आपली परंपरा आहे आणि संविधानही तेच शिकवते, असेही न्यायालयाने बजावले. संविधानाची उद्देशिका भिंतीवर लावणाऱ्या आपल्यासारख्या शाळेला हा निकाल माहीत असायला हवा होता. आम्हांला तो नंतर कळला.

आणि हा ध्वज तरी कुठून आला? २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तो स्वीकारला. त्याआधी तिरंगा हातात धरणे हाच गुन्हा मानला जाई. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे निराळे सांगायला नको. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला तिरंगा घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. पालघरच्या हुतात्मा चौकातला स्तंभ त्यांचाच. त्या दिवशी सरकारच्या लेखी तो मोर्चा म्हणजे बेशिस्त होती. निषेधाच्या हातात वाढलेले प्रतीक पुढे निषेध करणाऱ्याच्याच विरोधात उगारावे, यात काहीतरी उफराटे आहे.

१४ ऑगस्टचा दिवस आणखी एकदा आठवावा लागतो. ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी माजी सैनिकांनी जून २०१५ पासून दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरले होते. मागणी जुनी होती. १९७३ पर्यंत सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे गणित मुलकी कर्मचाऱ्यांहून वेगळे होते. तिसऱ्या वेतन आयोगानंतर ते बदलले आणि पुढे एकाच हुद्द्यावरून, तेवढीच सेवा करून, पण वेगवेगळ्या वर्षी निवृत्त झालेल्या दोघांच्या निवृत्तिवेतनात मोठी तफावत पडू लागली. आधी निवृत्त झालेला, म्हणजे जो अधिक म्हातारा, त्याला कमी पैसे. १४ ऑगस्ट २०१५ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, सुरक्षेचे कारण सांगून पोलीस त्यांना उठवायला गेले आणि छातीवर पदके लावलेल्या वृद्धांना धक्काबुक्की झाली. तिरंग्याच्या सोहळ्यासाठी तिरंग्याचे रक्षक अडचणीचे ठरले होते. ५ सप्टेंबरला सरकारने योजना जाहीर केली. तिच्यातील त्रुटींवर नाराज होऊन नोव्हेंबरात अनेकांनी पदके परत केली. याआधी २००९ मध्येही माजी सैनिकांनी आपली पदके राष्ट्रपतींकडे परत पाठवली होती. दर पाच वर्षांनी व्हायचा फेरआढावा २०१९ मध्ये व्हायला हवा होता. त्याला मंजुरी मिळाली डिसेंबर २०२२ मध्ये.

असे फक्त आपल्याच देशात होते असे कोणी समजू नये. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना १९२४ साली बोनस कबूल झाला, पण तो मिळायचा होता १९४५ मध्ये. मंदीत उपाशी मरण्याऐवजी १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो जण कुटुंबकबिल्यासह वॉशिंग्टनला जाऊन राहिले. जुलैअखेर सैन्य पाठवून त्यांच्या झोपड्या हटवल्या आणि जाळल्या गेल्या. तरी १९३६ साली बोनस द्यावाच लागला. आणखी एक गोष्ट तरुण वाचकांना रस वाटेल अशी. २०१६ मध्ये अमेरिकेतील काळ्या लोकांवरील पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ कॉलिन केपरनिक हा फुटबॉलपटू राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून राहत असे. बसण्याऐवजी गुडघा टेकावा, असे त्याला सुचवणारा नेट बॉयर हा माजी सैनिक होता, कारण पडलेल्या सोबत्याच्या थडग्यापुढे सैनिक गुडघा टेकतात. प्रतीकाची खरी पारख सैनिकालाच असते, असे म्हणावेसे वाटते. पण दूरच्या गोष्टी पुरे. आपल्या वाचकांना या प्रश्नाचे उत्तर आपल्याच घरात सापडेल.

ज्यांच्या पुण्याईवर ही शाळा उभी आहे, ते आपले पूर्वज परतलेले सैनिकच होते. हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. कोकणातल्या दापोलीला एकोणिसाव्या शतकात लष्करी निवृत्तिवेतनधारकांची वस्तीच होती. गोपाळबाबा वलंगकर हे त्यांपैकी एक, सैन्यातून १८८६ साली निवृत्त झालेले. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. दापोलीतच ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ उभी केली. त्यांनी लेखणी हाती घेतली ती निवृत्तीनंतर. सैन्यात असेपर्यंत माणूस हवालदार असतो, जमादार असतो, सुभेदार असतो. गावच्या वेशीत पाऊल टाकले की तो पुन्हा महार. ज्या हातांनी तोफा ओढल्या, त्या हातांना पाणवठ्याला शिवण्याची बंदी. हा अपमान शेतावर राबणाऱ्या भावालाही होत होताच. पण ज्याने पलटणीत बरोबरीचे जिणे चाखले होते, त्याला तो सोसवेना.

त्यातच १८९२ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. काही जाती तेवढ्या लढाऊ आणि बाकीच्या नव्हेत, असा साहेबांचा नवा सिद्धान्त निघाला होता. ज्या बॉम्बे आर्मीत महारांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली, तिच्या दारावर आता त्यांना मज्जाव. वलंगकरांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तो धागा उचलला. १९०२ मध्ये सासवडला त्यांनी एक्कावन्न गावांच्या महारांची सभा घेतली, आणि १९१० साली सैन्यात व पोलिसांत जागा मिळाव्यात म्हणून थेट विलायतेत भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. या अर्जांची भाषा नम्र आहे. मागणी मात्र साधी आणि करारी: आम्ही सेवा केली आहे, ती मोजा.

आणि सुभेदार रामजी सकपाळ? लष्करी शाळेत सुमारे चौदा वर्षे मुख्याध्यापक, सुभेदार-मेजरच्या हुद्द्यावर निवृत्त. महूच्या छावणीत त्यांना १४ एप्रिल १८९१ रोजी झालेला मुलगा पुढे बाबासाहेब झाला. निवृत्तीनंतर कुटुंब आधी दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लिखाणात १९०१ सालची हकीकत सांगितली आहे. वडिलांच्या नोकरीच्या गावी जायला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. चांगले कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. स्टेशनमास्तरही आधी कौतुकाने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. गाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकायची या अटीवर, एक गाडी मिळाली, आणि वाटेत रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. आम्ही ही हकीकत आजवर जातीची म्हणून वाचली, आणि ती तशी आहेच. पण ती एका सैनिकाच्या मुलांचीही हकीकत आहे. ज्याने ऐन उमेदीची वर्षे पलटणीला दिली, त्याच्या मुलांना घोटभर पाणी देईल असे कोणी त्या रस्त्यावर नव्हते.

तरी दार पुन्हा उघडले, ते गरज पडली तेव्हा. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभारली गेली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ मध्ये ती मोडलीही. त्या युद्धातून परतलेली माणसे मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर आली होती. परिषदेवर हल्ला झाला तेव्हा संतापलेले हे शिकलेले लढवय्ये बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. शब्द मिळाला तो शांततेचा, आणि तो त्यांनी पाळला. शिस्त म्हणजे काय हे ज्याला महाडवरून कळले नाही, त्याला ते कोणत्याही संचलनावरून कळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेला तो स्तंभ. त्यांपैकी बावीस नावे ‘नाक’ने संपतात आणि आपली ओळख सांगतात. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे जाऊन मानवंदना दिली. हा स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी बांधला, मग त्याचा अभिमान कसला, असे विचारले जाते. उत्तर अवघड नाही. प्रतीक कोणी उभारले यापेक्षा त्यावर कोणाची नावे आहेत आणि ती नावे इतरत्र कुठे लिहिली गेली, हे पाहावे लागते. आमच्या माणसांच्या शौर्याची नोंद दुसऱ्या कुठल्या दगडावर असती तर आम्ही तिथे गेलो असतो. स्वातंत्र्यानंतर रेजिमेंटच्या चिन्हातून स्तंभ जाऊन तिथे खंजीर आला. रेजिमेंट राहिली, सर्व समाजांची झाली. श्रीलंकेत १९८७ साली ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी प्राण दिला आणि परमवीर चक्र मिळवले. चिन्ह बदलल्याने निष्ठा बदलली नाही.

हा सगळा इतिहास आम्हांला पाठ होता. दर वर्षी १ जानेवारीला बस करून जाणारे आम्हीच. आणि तरी आमच्याच अंगणात एक निवृत्त नाईक सेवा मोजा म्हणाला, तेव्हा आम्ही त्याला गाऱ्हाणे म्हटले. शंभर वर्षांपूर्वी पुण्यातल्या एखाद्या कार्यालयात कांबळ्यांचा अर्ज वाचणारा कारकून याहून वेगळे काय म्हणाला असेल?

आता आपल्या मातीकडे येतो. शाळेच्या सहली दर वर्षी सोपाऱ्याच्या स्तूपावर जातात. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुड राजाच्या कोटाचे उत्खनन केले, तेथे धातुकरंडक सापडला, एवढे मुले वहीत उतरवून आणतात. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात मिळाला तो १९५६ मध्ये, धम्मदीक्षेच्या वर्षी. हा योगायोग आहे, त्याचा फार अर्थ लावू नये. पण या दोन लेखांत काय आहे हे आम्ही मुलांना कधी विचारले नाही, कारण आम्हीच ते नीट वाचले नव्हते.

नववा लेख मंगल विधींबद्दल आहे. आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, ते करावेत, पण त्यांचे फळ थोडे, असे सम्राट सांगतो. मोठे फळ देणारा विधी एकच: दास आणि सेवकांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. आठव्या लेखात तो सांगतो की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात. त्याने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधिवृक्षाला भेट दिली आणि तिथून त्याची धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत तो काय करतो? श्रमण-ब्राह्मणांना भेटतो, दान देतो, वृद्धांचे दर्शन घेतो आणि त्यांच्यासाठी धनाची तरतूद करतो, गावोगावच्या लोकांना भेटून विचारपूस करतो.

ज्या अशोकाचे चक्र ध्वजाच्या मधोमध आहे, ज्याचा सिंहस्तंभ राजमुद्रेवर आहे, ज्याच्या नावाने शांतताकाळातील शौर्याचे सर्वोच्च पदक दिले जाते, त्याने आपल्या वसईच्या किनाऱ्यावर दगडात कोरून ठेवले ते हे. विधी करा, पण सेवकाशी नीट वागा. वृद्धांच्या घरी जा, आणि जाताना पैशांची सोय करा. ध्वजारोहण हाही एक मंगल विधीच आहे. त्याच्या विरोधात आम्ही नाही. आम्ही दोरी ओढू, सलामी देऊ, राष्ट्रगीत पूर्ण गाऊ. पण त्या सकाळी वृद्ध सेवक स्वतः चालत आमच्या दारी आला होता, आणि आम्ही नृत्याचा कार्यक्रम पुढे केला.

काही भाविक पालक विचारतात की पहिले शील पाळणाऱ्या संस्थेने सैनिकांचा एवढा कैवार का घ्यावा. प्रश्न प्रामाणिक आहे. विनयातल्या महावग्गात राजा बिंबिसाराच्या सैनिकांची कथा येते. सीमेवर बंड झाले, सैनिकांना तिकडे जायचे होते, आणि युद्धात आपल्या हातून पाप घडते या विचाराने त्यांच्यातील काही जण भिक्खू झाले. राजाने तक्रार केली तेव्हा राजसेवेतील माणसाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम भगवंतांनी घालून दिला. त्या सैनिकांना झोप येत नव्हती असे कथेत लिहिलेले नाही, पण आम्हांला ते दिसते. आमच्या ओळखीच्या घरांतही असे पुरुष आहेत, जे रात्री दचकून उठतात, फटाक्यांच्या आवाजाने घराबाहेर निघून जातात, आणि याला आजार म्हणतात हे त्यांच्या घरच्यांना कोणी सांगितलेले नाही. कलिंगानंतर पश्चात्ताप झालेल्या अशोकानेही सैन्य मोडल्याचे त्याच्या लेखांत कुठे म्हटलेले नाही. युद्धाचे दुःख ओळखणे आणि युद्धावरून आलेल्याला सांभाळणे ही दोन कामे परस्परविरोधी नाहीत.

साधा जवान पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुले शाळेत असतात, चाळीतल्या खोलीचे कर्ज असते. विरार-नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील किती इमारतींच्या फाटकावर आणि सातिवली-वालीवच्या किती गाळ्यांच्या दारात बसलेला माणूस कोणे एके काळी सीमेवर उभा होता, हे आपण कधी विचारत नाही. आपण त्याला नुसता ‘वॉचमन’ म्हणतो. ऑगस्टमध्ये त्याच इमारतीच्या प्रत्येक खिडकीत झेंडा लागतो, आणि सोळा तारखेला रस्त्यावर पडलेले झेंडे गोळा करून नीट घडी घालून ठेवतो तोही बहुधा तोच. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

यापुढची पिढी वेगळ्याच अडचणीत असेल. २०२२ पासून अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर चौघांपैकी एकाला पुढे ठेवणार, बाकीचे सुमारे अकरा लाख एकाहत्तर हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन घरी. निवृत्तिवेतन नाही. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण अग्निवीर झाले आहेत, त्यांचे आम्हांला कौतुक आहे. पण बावीस-तेवीस वर्षांचा माजी सैनिक हा प्रकार आपल्या समाजाला नवा आहे, आणि त्याला केवळ सत्काराचा नारळ देऊन भागणार नाही.

काकांच्या कागदाचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यायचे असेल. पदक मुख्याध्यापकांनी एका पाकिटात घालून, त्यावर नाव आणि तारीख लिहून कार्यालयाच्या कपाटात ठेवले. वर्षभराने आपल्या एका माजी विद्यार्थिनीने, जी आता वकील आहे, त्यांची फाईल मागवून वाचली. भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत कानाचा दोष नोंदलेला नव्हता. अशा वेळी तो सेवेमुळेच आला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्यास ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. सात वर्षे फिरणाऱ्या काकांना हे कोणीही सांगितले नव्हते. आता त्यांचे प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे आहे. निकाल लागलेला नाही. काका दर २६ जानेवारीला येतात, मुलांच्या रांगेमागे उभे राहतात, आणि पदकाची चौकशी करीत नाहीत.

७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून तो पाळला जातो, आणि आपली मुले डबे घेऊन निधी गोळा करतात, छातीला छोटा कागदी झेंडा टाचतात. तो डबा भरतोच. येत्या ध्वजदिनापासून माजी विद्यार्थी संघाने आणखी एक काम हाती घेतले आहे. वसई, नालासोपारा, विरार आणि आसपासच्या गावांतील आपल्या परिचयाच्या माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या घरी मुले, शिक्षक आणि एक-दोन माजी विद्यार्थी मिळून जातील. याला आम्ही धम्मयात्रा म्हणणार आहोत, नाव सोपाऱ्याच्या दगडावरून घेतले आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते एक शाळेच्या ग्रंथालयात कागदपत्रे पाहण्यासाठी माणसे बसतील. माजी विद्यार्थ्यांपैकी जे वकील, बँक कर्मचारी, डॉक्टर, संगणकावर सफाईने काम करणारे आहेत, त्यांनी वर्षातला एक तरी रविवार कळवावा. हयातीचा दाखला संगणकावर भरताना ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, अशा आजोबांना हात धरून बसवणाराही हवा, त्याला पदवी लागत नाही.

येताना डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश म्हणजे पीपीओ, वैद्यकीय मंडळाचा अहवाल असल्यास तो, बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड आणावे. आजवर आलेली सगळी पत्रे आणावीत, फाटलेली असली तरी. कपाटात जागा आहे.